साठीपुढच्यांच्या लशी: दवाखान्याच्या संगणकातली नोंद कामाला कशी लावायची

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही मध्यम दवाखान्यात जा. संगणकावर केसपेपर निघतो, बिल निघतं, लॅबचा रिपोर्ट निघतो. पण साठी ओलांडलेल्या किती पेशंटनी यंदा फ्लूची लस घेतली, असं विचारलं की डॉक्टर सिस्टरकडे बघतात आणि सिस्टर काउंटरवरच्या मुलाकडे. माहिती संगणकात असते. पण ती अशा ठिकाणी लिहिलेली असते की मोजताच येत नाही.

लहान बाळाची लस राहिली तर आशाताई दारात येते, कारण बाळाचं नाव तिच्या यादीत असतं आणि यू-विन या सरकारी ऑनलाइन लसनोंदीवरही असतं. सरकारचा नेहमीचा लसीकरण कार्यक्रम मुख्यतः मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी आहे. आजी-आजोबांच्या फ्लू, न्यूमोनिया आणि नागिणीच्या लशी त्यात येत नाहीत. कोविडच्या काळात को-विनवर त्यांची नावं चढली ती तेवढ्यापुरतीच. म्हणून म्हाताऱ्या माणसांची यादी कुठे असेल, तर ती तुमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्येच.

हा लेख एक ते तीन डॉक्टर असलेल्या, सॉफ्टवेअर आधीच बसवलेल्या दवाखान्यातल्या नव्या माणसासाठी आहे: काउंटरवर बसणारा, सिस्टर किंवा नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेला डॉक्टर. नवं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. गरज आहे ती स्वच्छ यादीची, आणि दर आठवड्याला ती यादी उघडून बसणाऱ्या एका माणसाची.

पायरी १: कोणाला काय द्यायचं, ते एका पानावर

संगणकाला नियम लागतो, आणि तो डॉक्टरांनीच लिहून सही करून द्यायचा असतो. फ्लू आणि न्यूमोनिया साठीपासून की पासष्टपासून, हे आधी ठरवा. दोन डॉक्टरांचे दोन नियम असतील तर यादी कधीच जुळणार नाही.

फ्लूची लस दरवर्षी, एक मात्रा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून एप्रिल-मे हा चांगला काळ. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. खानापूरकडे रोपलावणी सुरू झाली की घरातलं कोणी आजोबांना घेऊन दवाखान्यात येत नाही, हेही तारीख ठरवताना धरा. लशीतले विषाणू दरवर्षी बदलू शकतात. जागतिक आरोग्य संघटना उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी शिफारस करते. डब्यावर कोणता गोलार्ध आणि कोणतं वर्ष छापलंय ते वाचून नोंदवा.

धनुर्वात-घटसर्पाची टीडी दर दहा वर्षांनी. इथे आपल्या भागातली एक सवय नडते. खुरपं लागलं, पत्रा लागला की जवळच्या कुठल्याही दवाखान्यात ‘टीटी’ टोचून घ्यायची आणि त्याची नोंद कुठेच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खुरपं, पुन्हा इंजेक्शन. आधीच्या मात्रा पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला दहा वर्षांच्या आत पुन्हा लस लागत नाही. माती-शेणानं माखलेल्या किंवा खोल जखमेला ही मुदत पाच वर्षांची. तारीख पडद्यावर दिसली तर नको असलेलं टोचणं वाचतं.

नागिणीच्या नव्या, जिवंत विषाणू नसलेल्या लशीच्या मात्रा दोन, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. वय पन्नासपासून. दुसरीला उशीर झाला तरी पहिलीपासून सुरू करायचं नाही, फक्त राहिलेली द्यायची. ही चारांतली सर्वांत महाग लस. ‘नागिणीचं वेटोळं पुरं झालं की माणूस जातो’ ही समजूत गावात अजून आहे. ती खोडत बसू नका. वेटोळ्यानं माणूस मरत नाही, पण नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने जी आग होते ती म्हातारपणी झोपू देत नाही, एवढं सांगितलं तरी माणूस ऐकून घेतो.

न्यूमोनियाच्या लशीवर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तिला वेगळी जागा देतो.

न्यूमोनियाचा रकाना ‘हो/नाही’ ठेवू नका

बाजारात न्यूमोकॉकसच्या (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूच्या) दोन जातीच्या लशी आहेत. एक संयुग्म (कॉन्ज्युगेट), म्हणजे पीसीव्ही. तिच्यात १३ किंवा २० प्रकारच्या जंतूंचे अंश. दुसरी साधी पॉलिसॅकराइड, २३ प्रकारांची, पीपीएसव्ही-२३. पीसीव्ही-१३ आधी दिली तर २३ची लस किमान एक वर्षानं. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांना डॉक्टर आठ आठवड्यांनीही देतात. २३ची आधी दिली असेल तर पीसीव्ही किमान एक वर्षानं. पीसीव्ही-२० दिली तर तिथेच काम संपलं. ज्यांना २३ची लस पासष्टच्या आत काही आजारामुळे दिली, त्यांना पासष्टनंतर आणखी एक, पण मध्ये पाच वर्षं हवीत.

आता रकान्यात नुसतं ‘न्यूमोनिया: हो’ असेल तर यातलं काय करायचं? काहीच कळत नाही. एक तर दुसरी मात्रा कायमची राहते, नाहीतर तीच लस सहा महिन्यांत परत टोचली जाते. म्हणून प्रकार आणि तारीख हे दोन रकाने सक्तीचे करा; ते भरल्याशिवाय पान सेव्ह होऊ नये.

निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायका मोठ्या संख्येनं आहेत. दमा, जुनाट खोकला, धाप असं काही लिहिलेला प्रत्येक केसपेपर न्यूमोनियाच्या यादीत वर आला पाहिजे, वय साठच्या आत असलं तरी.

पायरी २: रकाने

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लसीकरणाचं पान असतं, पण ते बाळांसाठी बनवलेलं असतं म्हणून कोणी उघडत नाही. डॉक्टर मग औषधाच्या चिठ्ठीतच ‘फ्लू लस दिली’ असं टाइप करतात. वाचणाऱ्याला ते कळतं, पण संगणकाला मोजता येत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून ते पान मोठ्यांसाठी उघडून घ्या, आणि त्यात एवढं तरी हवंच: लशीचा प्रकार (टाइप करायचा नाही, यादीतून निवडायचा), कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत, टोचल्याची तारीख, कितवी मात्रा, डावा दंड की उजवा, टोचणाऱ्याचं नाव. शिवाय ‘इथे दिली की बाहेर’, आणि ‘नकार’ व त्याचं कारण.

टोचल्याची तारीख आणि नोंद केल्याची तारीख वेगळी ठेवा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात दोन दोन दिवस लाइट आणि रेंज नसते, सिस्टर वहीत लिहून ठेवते आणि सोमवारी संगणकात भरते. सॉफ्टवेअर आपोआप सोमवारची तारीख टाकतं. फ्लूला त्यानं बिघडत नाही, पण दोन मात्रांमधलं अंतर मोजताना बिघडतं.

पायरी ३: यादी काढणं आणि धुणं

पहिला प्रश्न सोपा: आज ज्यांचं वय साठ पूर्ण आहे, जे गेल्या दोन वर्षांत एकदा तरी येऊन गेलेत, आणि ज्यांच्या नावावर यंदाच्या १ एप्रिलपासून फ्लूची नोंद नाही, असे सगळे. एक्सेलमध्ये उतरवा. आणि मग ती यादी धुवायला बसा, कारण पहिल्यांदा निघणारी यादी कधीच खरी नसते.

वय हा पहिला खड्डा. काही सॉफ्टवेअर वय आकडा म्हणून साठवतात. २०१९ला ‘५८’ लिहिलेल्या काकी आजही ५८च्याच असतात आणि यादीत येतच नाहीत. जन्मवर्ष साठवा, वय संगणकाला काढू द्या. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. आपल्याकडच्या जुन्या माणसांची अर्धी गावं १ जूनला जन्मलेली, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. आधारवर नुसतं वर्ष असेल तर सॉफ्टवेअर १ जानेवारी धरतं. म्हणून एकच माणूस दोनदा आलाय का हे ओळखायला जन्मतारीख कामाची नाही.

नाव हा दुसरा. एकच बाई कधी लक्ष्मीबाई, कधी लक्ष्मव्वा, कधी नुसतीच लक्ष्मी. चौगुले इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. रेशनकार्डावर कानडीत, जुन्या केसपेपरवर मराठीत, संगणकात इंग्रजीत, अशा तीन लिप्यांतून नाव फिरतं तेव्हा ते बदलणारच. येळ्ळूर की यळ्ळूर, हा वादही संगणकात दोन गावं तयार करतो. उपाय असा: गाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. मग गाव, जन्मवर्ष आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे जुळणाऱ्या नोंदी एकाखाली एक लावा आणि डोळ्यांनी बघा. एका घरात एकच मोबाइल आणि नवरा-बायकोचं वय जवळपास, असं असतंच. त्यामुळे संगणकाला आपोआप नोंदी जोडू देऊ नका. दोन माणसांच्या नोंदी एक झाल्या तर सासूची लस सुनेच्या नावावर जाते आणि ती चूक शोधणं फार अवघड.

तिसरं: वारलेले आणि गाव सोडून मुलाकडे पुण्याला, गोव्याला गेलेले. यांची नावं खोडू नका, ‘वारले’ किंवा ‘स्थलांतर’ असा शिक्का द्या. वारलेल्या माणसाच्या घरी ‘आजोबांना लशीला घेऊन या’ असा फोन जाणं यापेक्षा वाईट काही नाही. गावच्या आशाताईला यादी दाखवली तर दहा मिनिटांत निम्मं काम होतं, पण तिला नाव आणि गल्ली एवढंच दाखवा, आजार नको.

धुण्यामुळे आकडा कसा हलतो ते बघा. समजा यादीत ६४० जण आणि त्यातल्या ९० जणांना लस. म्हणजे १४ टक्के. धुतल्यावर ११० नावं गळली (दुबार, वारलेले, गेलेले), उरले ५३०. तेच ९० आता १७ टक्के झाले, एकही सुई न टोचता. म्हणून सुरुवातीचा आकडा यादी धुतल्यानंतरचाच धरा, नाहीतर पहिल्या महिन्यातलं ‘यश’ नुसतं खोडरबराचं असेल.

पायरी ४: बाहेरच्या लशी आणि आभा

सीमाभागातला पेशंट एका दवाखान्याचा नसतो. डोळ्यांना मिरज, हाडांना कोल्हापूर, बाकी बेळगाव. चंदगडकडचे लोक तर उलट इकडे येतात. मुलानं पुण्यात लस दिलेली असू शकते. म्हणून विचारताना ‘लस घेतली का’ असं नको. ‘बाहेर कुठे दंडात इंजेक्शन घेतलं का, कशाचं, कधी’ असं विचारा. फ्लूची तोंडी माहिती मान्य करायला हरकत नाही. बाकीच्या लशींना कार्ड, बिल किंवा मोबाइलवरचा फोटो मागा, आणि रकान्यात ‘कागद पाहिला’ की ‘तोंडी’ ते लिहा.

आभा क्रमांक, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी क्रमांक, असेल तर जोडा. या मिशनच्या नोंदींच्या प्रकारांत लसीकरणाची नोंदही आहे. तुमचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं असेल, तर पेशंटच्या परवानगीनं दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यातली नोंदसुद्धा इथे दिसू शकते. ती तिथेही जोडलेली असायला हवी, ही अट विसरू नका. आभा काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल बऱ्याचदा पुण्यातल्या नातवाच्या खिशात असतो. आधी नातवाला फोन लावा, मग बटण दाबा. आभा ऐच्छिक आहे. नसेल म्हणून लस अडवायची नाही. आणि आधार क्रमांक तुमच्या एक्सेलमध्ये उतरवून ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक माहितीचा २०२३चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ती फाइल पेनड्राइव्हवर फिरणार हे ठरलेलं.

जाता जाता: सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड घेऊन लोक ‘यावर लस फुकट ना?’ असं विचारतात. ते कार्ड भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. हे काउंटरवरच स्पष्ट सांगा, टोचल्यावर नको.

पायरी ५: सूचना कुठे दिसली पाहिजे

‘या पेशंटची फ्लूची लस बाकी आहे’ ही पट्टी डॉक्टरांच्या पडद्यावर लावायची चूक सगळे करतात. डॉक्टर तेव्हा गोळ्या लिहीत असतात, बाहेर तीस माणसं बसलेली असतात. दोन दिवसांत ती पट्टी न वाचता बंद करायची सवय लागते. पट्टी सिस्टरच्या पडद्यावर हवी, बीपी आणि वजन लिहायच्या पानावर. पट्टा दंडाला गुंडाळलेला असतो, माणूस निवांत बसलेला असतो, विचारायला याहून चांगली वेळ नाही. डॉक्टरांनी आधी लिहून सही केलेल्या नियमात पेशंट बसत असेल तर सिस्टर विचारते आणि केसपेपरवर खूण करते. डॉक्टर तपासून ‘हो’ म्हणतात.

पट्टीवर बटणं तीनच: आज देतोय, पुढच्या वेळी, नको. ‘नको’ला कारण निवडायला लावा: पैसे, भीती, आधीच घेतली, घरी विचारून. हे शेवटचं उत्तर फार ऐकू येतं. ‘पोराला इचारून सांगतो’ हा नकार नव्हे, ते एक काम आहे: पेशंटला विचारून मुलाचा नंबर घ्या आणि त्याला फोन लावा. एका वेळी एकच लस पुढे करा. चार लशींच्या चार पट्ट्या पाहून सिस्टरही दमते आणि आजीही.

पायरी ६: फोन आणि मेसेज

देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक अक्षर म्हणून मोजली जाते. त्यापुढे गेलं की दोन मेसेजचे पैसे. ‘आजी-आजोबांची फ्लूची लस आली आहे. मंगळवारी स. १० ते १.’ हा मजकूर ५२ अक्षरांचा. उरलेल्या जागेत दवाखान्याचं नाव. एकगठ्ठा मेसेज पाठवायचे तर टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी नोंदणीत (एकगठ्ठा मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत) नाव आणि मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात एक शब्द बदलला तरी मेसेज अडतो. मेसेजमध्ये शुगर, दमा, किडनी असलं काही लिहू नका. मोबाइल सगळ्या घराचा असतो.

भाषेचा एक रकाना ठेवा, मराठी की कानडी. आजी देवनागरी वाचतात, नात शाळेत कानडी शिकते. शक्य तिथे मेसेजपेक्षा फोनच करा. ‘आजी, मंगळवारी बीपी दाखवायला येताय न्हवं? तवाच लस टोचून घेऊया की,’ एवढं बोलणं पुरतं. आठवड्याला वीस फोन, दुपारी तीन ते चार. तीनदा न उचलल्यास नाव आशाताईच्या यादीत. लशीसाठी वेगळी फेरी मारायला लावू नका. बीपी-शुगरच्या महिन्याच्या तारखेलाच ती जोडा.

कचरणाऱ्या माणसाला त्याच्या दंडावरचा देवी काढल्याचा व्रण दाखवा. या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर तो आहे. देशातली देवी त्याच टोचण्यानं गेली, आणि १९७७मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. बेळगावकरांना तर टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो ठाऊक आहे, जिथे पूर्वी देवीची लस बनायची. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःची लस घेतलीय, हा प्रश्न तिथेच विचारण्यासारखा.

पायरी ७: टोचायचा दिवस

लस २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा. गोठलेली फ्लू, टीडी किंवा न्यूमोनियाची लस फेकून द्यायची. बाहेरून ती चांगलीच दिसते, हाच धोका. फ्लूच्या लशीची मुदत हंगामापुरतीच असते, तेव्हा यादीतल्या ‘हो’ म्हणालेल्यांच्या संख्येएवढीच मागवा.

साधी सर्दी असेल तर लस चालते, ताप चढलेला असेल तर पुढे ढकला. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तरी लस देता येते: बारीक सुई, आणि नंतर दोन मिनिटं न चोळता दाबून धरायचं. मागच्या कुठल्या लशीला अंगावर गांधी, घशाला सूज, धाप असं झालं होतं का, हा प्रश्न प्रत्येकाला, आणि उत्तर रकान्यात. टोचल्यावर निदान १५ मिनिटं बसवून ठेवा. अॅड्रिनॅलिन (जीवघेण्या अॅलर्जीवरचं इंजेक्शन) हाताशी, कपाटात कुलपात नाही. गंभीर त्रास झाला तर बॅच नंबरसह जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ ही देशभरची मोफत हेल्पलाइनही आहे. बॅच नंबर लिहिलेला नसेल तर कळवण्यासारखं काही उरत नाही.

पायरी ८: मोजणं

महिन्यातून एकदा, तीनच आकडे: यादीत किती, विचारलं किती जणांना, टोचली किती जणांना. मधला आकडा बहुतेक ठिकाणी मोजलाच जात नाही, आणि दुखणं तिथेच असतं. ५३० पैकी १०० जणांनाच विचारलं असेल, तर ‘लोक लस घेत नाहीत’ ही तक्रार लोकांवर ढकलता येत नाही. विचारलेले भरपूर आणि टोचलेले कमी असतील तर नकाराची कारणं उघडा. सगळीकडे ‘पैसे’ असेल तर फोन वाढवून उपयोग नाही. घाऊक भावात घेऊन दर खाली आणता येतो का ते औषधवाल्याशी बोला.

३१ मार्चला संध्याकाळी पूर्ण यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवा. १ एप्रिलला फ्लूचा रकाना पुन्हा ‘बाकी’ झाला पाहिजे. टीडी, न्यूमोनिया आणि नागिणीचे रकाने जसेच्या तसे राहिले पाहिजेत. काही सॉफ्टवेअर वर्ष बदलताना चारही रकाने कोरे करतात, आणि ते दिसायला आठवडा जातो. तोवर गेल्या वर्षी न्यूमोनियाची लस घेतलेल्या आजींपुढे सिस्टर पुन्हा सुई घेऊन उभी असते.